विश्वास तुटल्यावर मनालाही उपचार लागतो

नवऱ्याचं बाहेर काही आहे हे कळल्यावर बाईला काय ऐकायला मिळतं? ‘पुरुषाची जातच अशी’, ‘मुलांकडे बघून गप्प बस’, ‘तूच कुठेतरी कमी पडली असशील’. बायकोने फसवलं तर पुरुषाची नाक्यावर टिंगल होते, म्हणून तो बोलत नाही, दारू जवळ करतो. मनाचं काय झालं, हे दोघांनाही कुणी विचारत नाही.

ज्याच्या भरवशावर संसार उभा केला, त्यानेच फसवलं की शरीरही हादरतं. झोप उडते, घास उतरत नाही, छाती धडधडते. हात पुन्हा पुन्हा त्याच्या मोबाईलकडे जातो, राग मुलांवर निघतो. हे वेड नाही आणि नाटकही नाही. दोन आठवडे झाले तरी झोप-जेवण जागेवर येत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर मदत घ्या. जीव द्यावासा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

समुपदेशक काय करतो? आधी शांतपणे ऐकतो. घरात मारहाण होते का, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे विचारतो. मग झोप कशी सावरायची, तेच ते विचार आले की काय करायचं, हे शिकवतो. ‘माझंच चुकलं’ ही समजूत तो तुमच्यासोबत तपासून बघतो. हे एका भेटीत होत नाही. गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञ काही काळ औषध देतात. जोडीने समुपदेशन करायचं, तर बाहेरचं नातं थांबलेलं हवं आणि घरात मारहाण नको.

वस्तीत भिंतीलाही कान असतात, ही भीती खरी आहे. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद आहेत.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात केसपेपर काढा आणि मनोविकार ओपीडी विचारा. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे हा विभाग आहे. रोजंदारी बुडवणं शक्य नसेल, तर 14416 वर टेली-मानसला फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. मारहाण होत असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

शरीराची तपासणीही टाळू नका. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्तपणे होते. गुप्तरोगांचीही तपासणी करून घ्या. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी पुन्हा कधी यायचं ते विचारा. तोवर निरोध वापरायचा आग्रह धरा.

नांदायचं की वेगळं व्हायचं, हे पहिल्या आठवड्यात ठरवायची घाई नको. मन थोडं स्थिर झाल्यावर घेतलेला निर्णय तुमचा स्वतःचा असतो. मारहाण असेल तर मात्र आधी सुरक्षित जागा गाठा.

आणि शेजारची ताई या दुःखातून जात असेल, तर तिला कारणं विचारू नका. ती ओपीडीला जाईल तेवढा वेळ तिची मुलं सांभाळा.