एमबीए ऑनलाइन करावं की कॉलेजात जाऊन? फी भरण्याआधी एवढं वाचा

गेल्या जानेवारीत आमच्या सोसायटीतली एक मुलगी मोबाइल हातात घेऊन घरी आली. बीकॉम झालेली, वय बावीस, वडिलांची पिठाची गिरणी. आठवडाभर तिला दिवसातून चार-चार फोन येत होते. फोन करणारा स्वतःला काउन्सेलर म्हणवत होता. "मॅडम, ऑनलाइन एमबीए रेग्युलरच्या बरोबरीचं आहे. सर्टिफिकेटवर ऑनलाइन असं कुठेही लिहिलेलं नसतं. आज सीट ब्लॉक केली तर सवलत, उद्यापासून फी वाढणार." इकडे तिची आई म्हणत होती, "घरात बसून मोबाइलवर कुठं एमबीए होतं का? असल्या पदवीला कोण विचारतंय!" दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं होतं आणि बरंचसं चुकीचं. दरवर्षी हजारो घरांत हाच संवाद होतो, म्हणून एकेक गोष्ट नीट पाहू.

"ऑनलाइन पदवी म्हणजे नुसता कागद"

हा आईचा गैरसमज. मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाची यूजीसीची नियमावली ४ सप्टेंबर २०२० रोजी लागू झाली. मान्यताप्राप्त विद्यापीठाने या नियमांनुसार दिलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने हे पुन्हा एकदा जाहीरपणे स्पष्ट केलं. म्हणजे पुढच्या शिक्षणासाठी किंवा सरकारी नोकरीसाठी 'तुमची पदवी ऑनलाइन आहे' एवढ्याच कारणावरून ती बाद ठरत नाही. खासगी कंपनी मात्र कोणाला घ्यायचं हे स्वतः ठरवते. तिथे विद्यापीठाचं नाव आणि तुमचं काम पाहिलं जातं.

पण समकक्षतेला एक अट आहे आणि फोनवरचा माणूस ती सांगत नाही. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं पुरेसं नाही. तो अभ्यासक्रम त्या सत्रासाठी ऑनलाइन पद्धतीने चालवण्याची परवानगी विद्यापीठाकडे असावी लागते. अशी परवानगी मिळालेल्या अभ्यासक्रमांची यादी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर असते. दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या पद्धती आहेत, त्यामुळे एकीची परवानगी दुसरीला चालत नाही. २०२४-२५ पासून प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा डीईबी आयडीही लागतो. डीईबी आयडीचा विषयच न काढता कोणी पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा.

आणखी एक. पदवी विद्यापीठ देतं, जाहिरात करणारं ॲप देत नाही. ॲप कंपन्यांना फ्रँचायझी देऊन अभ्यासक्रम चालवायला यूजीसीची परवानगी नाही. एप्रिल २०२४ मध्ये तर 'दहा दिवसांत एमबीए' अशा नावाने चाललेल्या अभ्यासक्रमांबद्दल यूजीसीला लोकांना सावध करावं लागलं होतं.

"सर्टिफिकेटवर कळतच नाही"

कळतं. पुढच्या बाजूला नाही, मागच्या बाजूला. याच नियमावलीनुसार पदवी आणि गुणपत्रिका यांच्या मागे शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची आणि अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची तारीख, परीक्षा केंद्राचं नाव-पत्ता हे सगळं छापणं विद्यापीठाला बंधनकारक आहे. यात लपवण्यासारखंही काही नाही. नोकरी सांभाळून दोन वर्षं अभ्यास केला, हे मुलाखतीत ताठ मानेनं सांगता येतं. पण सुरुवातच खोट्या आश्वासनाने करणाऱ्याकडे दीड लाख रुपये का द्यायचे?

"ऑनलाइन म्हणजे सोपं, वेळ मिळेल तसं करू"

दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांत एका क्रेडिटमागे ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. अभ्यासक्रम ८० क्रेडिटचा असेल तर झाले २,४०० तास. दोन वर्षांत विभागले तर आठवड्याला २३. म्हणजे सोमवार ते शनिवार रोज रात्री जेवण आटोपल्यावर तीन तास आणि रविवारी पाच, तेही दोन वर्षं, दिवाळी आणि गावची जत्रा धरून. सत्राअखेरच्या परीक्षेला किमान ७० टक्के वजन असतं, त्यामुळे नुसत्या असाइनमेंटवर निभाव लागत नाही. सोबत बसून अभ्यास करणारं कोणी नसताना हे सातत्य टिकवणं वर्गात जाण्यापेक्षा अवघड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. शिफ्ट ड्यूटी करून हे पार पाडणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

"कॉलेजचं एमबीए महाग, ऑनलाइन स्वस्त"

सर्वांत जास्त नुकसान होतं ते या समजुतीने, विशेषतः मुलींचं.

महाराष्ट्रात एमबीए आणि एमएमएसचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या सीईटीवरून, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या म्हणजे कॅपच्या फेऱ्यांतून होतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्याआधी ही सवलत निम्मी होती. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर सवलत नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठांतही नाही. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं.

आता आमच्या सोसायटीतल्या मुलीचा हिशेब मांडू. ती इतर मागास वर्गातली, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली. ऑनलाइनसाठी तिला दीड लाखाच्या वर आकडा सांगितला होता. कॅपमधून चांगलं कॉलेज मिळालं तर शिक्षण शुल्क शून्य. खर्च उरतो तो राहण्या-जेवणाचा, पुस्तकांचा आणि बसच्या पासाचा. त्यासाठी तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि महाडीबीटीवर अर्ज एवढी धावपळ करावी लागते. तिच्या घरी यातलं कोणालाच माहीत नव्हतं. फोन करणाऱ्याला ते सांगण्यात काही फायदा नव्हता.

उलट तिचा मावसभाऊ घ्या. वय एकतीस, महिना ४०,००० रुपये पगार, घरात लहान मूल. त्याने नोकरी सोडून कॉलेज धरलं तर फी बाजूलाच राहिली, दोन वर्षांचा पगारच ९,६०,००० रुपये बुडतो. त्याच्यासाठी ऑनलाइन खरोखर स्वस्त आहे. एकाला स्वस्त पडलं म्हणून दुसऱ्यालाही पडेल असं नाही. हिशेब ज्याचा त्यानेच करायचा.

हप्त्यांबद्दलही एक शब्द. 'सोपे मासिक हप्ते' म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला की सही झाली. पुढे अभ्यास सोडला तरी हप्ता सुटत नाही, आणि थकला तर सिबिल स्कोअर खाली येतो.

"प्लेसमेंट दोन्हीकडे मिळते"

मला सर्वांत मोठा फरक इथे दिसतो. चांगल्या कॉलेजात पहिलं वर्ष संपलं की कंपनीत इंटर्नशिप होते, दुसऱ्या वर्षी कंपन्या कॉलेजात येतात, आधीच्या बॅचची मुलं आपल्या ऑफिसात नाव सुचवतात. १९६५ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत प्रवेशासाठी झुंबड उडते त्यामागे पुस्तकांइतकीच ही साखळी आहे. ऑनलाइनमधली 'प्लेसमेंट मदत' बहुधा बायोडेटा सुधारून देण्यापुरती आणि जॉब पोर्टलपुरती असते. आधीच नोकरी असलेल्याला तेवढं चालतं. पहिलीच नोकरी शोधणाऱ्याला चालत नाही.

मात्र इमारत आणि वसतिगृह आहे म्हणून प्रत्येक कॉलेज चांगलं असतं, असंही नाही. माहितीपत्रकात 'सर्वाधिक पॅकेज' छापतात. साठ जणांच्या वर्गात एकाला वीस लाख आणि बाकीच्यांना चार-चार मिळाले तरी पत्रकावर वीसच दिसतात. तेव्हा मध्यक पगार विचारा, किती जणांना नोकरी लागली ते विचारा आणि मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी बोला.

थोडक्यात, वय बाविशीच्या आसपास असेल, अनुभव नसेल आणि कॅपमधून बरं कॉलेज मिळण्यासारखं असेल, तर वर्गात जा. एखादं वर्ष सीईटीच्या तयारीत गेलं तरी चालेल. पाच-सात वर्षं नोकरी झाली असेल, बढतीसाठी पदवी अडत असेल आणि घर तुमच्यावर चालत असेल, तर मान्यताप्राप्त ऑनलाइन एमबीए बिनदिक्कत करा.

त्या मुलीने त्याच आठवड्यात सीईटीचा अर्ज भरला. तुमच्या घरी असा फोन आला तर डीईबीच्या यादीत त्या अभ्यासक्रमाचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि आपल्याला कॅपची फी-सवलत लागू होते का हे तपासल्याशिवाय कोणालाही ओटीपी देऊ नका.