यंत्र उघडून पाहण्याचा छंद

शहरांतील सुशिक्षित घरांत संध्याकाळचा फावला वेळ आज बहुधा एकाच वस्तूभोंवतीं गोळा झालेला दिसतो. ती वस्तु म्हणजे मोबाईल, किंवा त्याचा थोरला भाऊ संगणक. वडील त्यावरच वर्तमानपत्र वाचतात, आजी कीर्तन ऐकते, मुलें खेळ खेळतात. यावरून यंत्राचा छंद घरोघर पोंचला, असें कोणी म्हणेल. परंतु छंद निराळा आणि संवय निराळी. संवयीनें वेळ जातो. छंदानें माणसाच्या हातीं कांहीं तरी लागतें. हार्मोनियम विकत घेतल्यानें कोणी गवई होत नाहीं. त्याचप्रमाणें यंत्र खिशांत बाळगल्यानें कोणी यंत्रज्ञ होत नाहीं.

खरा यंत्रप्रेमी मनुष्य ओळखण्याची खूण सोपी आहे. यंत्र बिघडलें कीं सामान्य मनुष्य चिडतो व दुकानाची वाट धरतो. यंत्रप्रेमी मनुष्याचें कुतूहल मात्र नेमकें त्याच क्षणीं जागें होतें. आंत काय आहे, तें तसें कां आहे, आणि तें निराळें करतां येईल काय, हे तीन प्रश्न त्याला स्वस्थ बसूं देत नाहींत.

हा छंद मुंबईस नवा नव्हे. नभोवाणीचीं या देशांतील पहिलीं पाउलें अशाच छांदिष्टांनीं टाकलेलीं आहेत. १९२३ सालच्या जून महिन्यांत 'रेडिओ क्लब ऑफ बाँबे' या हौशी मंडळीनें मुंबईंतून कार्यक्रम ध्वनिक्षेपित केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें रीतसर केंद्र त्यानंतर चार वर्षांनीं, २३ जुलै १९२७ रोजीं उघडलें. हौस आधीं आली, कचेरी मागाहून आली. बिनतारी संदेशांचे असे हौशी लोक आजहि आहेत. ते परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवितात आणि 'व्हीयू' या अक्षरांनीं सुरू होणाऱ्या आपल्या खुणेनें परदेशांतील समानधर्मीयांना साद घालतात.

पुढें गणकयंत्रांचें युग आलें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेलें यंत्र १९६० सालीं चालू झालें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. १९६९ सालीं ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत 'टीडीसी-१२' हें दुसरें यंत्र सिद्ध झालें. परदेशी यंत्र चालवावयास शिकणें आणि आपलें यंत्र बांधणें यांतील अंतर त्या मंडळींनीं अशा रीतीनें ओलांडलें.

ट्रॉम्ब्याच्या शेजारींच मानखुर्द आहे. हार्बर मार्गानें वाशीकडे जाणाऱ्या प्रवाशास हें खाडीच्या अलीकडचें एक स्थानक एवढेंच ठाऊक असतें. परंतु येथेंच वि. ना. पुरव मार्गावर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा संस्थेचा एक विभाग म्हणून तें १९७४ सालीं स्थापन झालें. प्राध्यापक व्ही. जी. कुलकर्णी यांच्या काळांत केंद्रानें महापालिकेच्या शाळांतील गरीब मुलांसह काम केलें. विज्ञानांत हीं मुलें मागें पडतात याचें कारण पुष्कळदां बुद्धीची उणीव नसून पुस्तकाची बोजड भाषा हें असतें, ही गोष्ट तेथें ध्यानांत आली. झांकण केवळ लोखंडाचें नसतें. शब्दांचेंहि असतें, हा त्याचा अर्थ.

भाषेचें हें झांकण संगणकालाहि होतें. संगणकास अक्षर कळत नाहीं, केवळ आंकडा कळतो. आणि तोहि शून्य व एक या दोनच चिन्हांत लिहिलेला. म्हणून प्रत्येक अक्षरास एक क्रमांक द्यावा लागतो. पूर्वी हे क्रमांक प्रत्येक टंकनिर्माता आपल्या मर्जीनें देई. त्यामुळें पुण्यास टंकलेलें मराठी पत्र नागपुरास उघडावें, तर त्यांत निरर्थक खुणांची गर्दी दिसे! युनिकोड या सर्वमान्य कोष्टकानें हा घोळ मिटविला. त्यांत 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. दोन चिन्हांच्या पद्धतींत तो १००१०००१०१०१ असा, म्हणजे बरोबर बारा स्थानांचा होतो. योगायोग असा कीं, ट्रॉम्ब्याच्या 'टीडीसी-१२' यंत्राचा शब्दहि बारा स्थानांचाच होता. 'क्ष' हें आपल्या डोळ्यांस एकच अक्षर दिसतें. परंतु संगणक तें क, हलन्ताची खूण आणि ष असें तीन क्रमांकांनीं लक्षांत ठेवतो. बाळबोध वळण गिरवलेल्या माणसास व्याकरणांत शिकलेली गोष्ट यंत्रांत पुन्हां भेटते, आणि हा शोध ज्याचा त्याला लागला म्हणजे होणारा आनंद कोणत्याहि आयत्या खेळांत सांपडत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, झांकण उघडण्यास यंत्राच्या मालकानेंच बंदी केली तर? हा प्रश्न रास्त आहे. संगणकाच्या अंगीं जी करणी असते ती आज्ञावलीमुळें, आणि पुष्कळ कंपन्या आज्ञावलीचा मूळ मजकूर गुप्त ठेवतात. याविरुद्ध अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं मुक्त आज्ञावलीची चळवळ सुरू केली. आज्ञावली हव्या त्या कामीं चालवावी, तिचा मजकूर वाचून बदलावा, तिची प्रत शेजाऱ्यास द्यावी आणि बदललेली प्रतहि वांटावी, अशीं चार स्वातंत्र्यें तींत मानलेलीं आहेत. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें केवळ हौस म्हणून लिनक्सची रचना आरंभिली. आज जगांतील पहिले पांचशें महासंगणक आणि असंख्य मोबाईल तिच्या पायावर चालतात. मराठींतील उदाहरण पाहावयाचें तर १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया आहे. फावल्या वेळीं लिहिणाऱ्या हौशी मंडळींनीं वेतनावांचून त्याची भर केली आहे.

ज्यानें यंत्र आंतून पाहिलें, त्याचीं रोजच्या व्यवहारावरील मतेंहि निराळीं होतात. वरवर तीं लहरी वाटतात. पण त्यांच्या मुळाशीं हिशेब असतो. मोबाईल दोन वर्षांत थकला असें लोक म्हणतात. तो म्हणतो, थकली ती बॅटरी. लिथियमची बॅटरी प्रत्येक भरणीगणिक थोडी झिजते. ती बदलली कीं तेंच यंत्र पुन्हां चालूं लागतें. कुलुपाचा आंकडा चार अंकी असावा कीं सहा अंकी, या वादांत तो पडत नाहीं. चार अंकांचे प्रकार दहा हजार होतात, सहांचे दहा लाख, म्हणजे दोन अंकांच्या श्रमांत कुलूप शंभर पटीनें बळकट होतें. वर्तमानपत्रास शेवटचें पान असतें, परंतु बोटानें सरकविण्याच्या पडद्यास तें नसतें. ही कोणाची चूक नसून मुद्दाम केलेली योजना आहे, हें तो ओळखतो. म्हणून सूचनांची घंटी तो प्रथम बंद करतो. घरांतील छायाचित्रें एकाच ठिकाणीं ठेवणें म्हणजे सर्व दागिने एकाच डब्यांत ठेवणें होय, असें सांगून तो दुसरी प्रत काढावयास लावतो.

तथापि या छंदाची दुसरी बाजूहि मानखुर्दलाच दिसते. मंडाळा भागांत भंगाराचीं गोदामें आहेत. शहरानें टाकलेलीं यंत्रें अशा भंगाराच्या धंद्यांत शेवटीं उघडतात, पण कुतूहलानें नव्हे, पोटासाठीं. तांब्यासाठीं तारा जाळल्या कीं विषारी धूर उठतो आणि तो जाळणाऱ्याच्याच छातींत जातो. विजेच्या उपकरणांच्या कचऱ्याविषयींचे २०२२ सालचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले, आणि जुन्या मालाची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यांत आली. परंतु दुरुस्त होण्याजोगें यंत्र घरांतून बाहेर जाऊं नये, ही खबरदारी कोणत्याहि नियमापेक्षां घरमालकाच्या हातीं अधिक आहे.

तेव्हां घरांतील मुलानें जुना रेडिओ अगर निकामी मोबाईल मागितला, तर पालकांनीं तो अडगळीच्या माळ्यावरून काढून द्यावा. विजेची जोडणी काढलेली असावी, फुगलेल्या बॅटरीस हात लावूं देऊं नये, आणि शेजारीं एक जाणतें माणूस बसावें, एवढें पथ्य पुरे. यंत्र कदाचित् पुन्हां जुळणार नाहीं. त्याची किंमत भंगारांत फार तर थोडे रुपये होती. ज्यांच्या घरीं असें एकहि यंत्र उघडावयास मिळत नाहीं, त्यांच्या मुलांना शाळेंत तरी तें मिळालें पाहिजे. नाहीं तर एकाच वस्तींतील एक मूल यंत्र उघडून शिकेल आणि दुसरें तें जाळून पोट भरील.