शिरो गे निघाला तेव्हा जल्लोष झाला, मग तीन आठवड्यांत चाहते का भडकले? कार्टूनमधली समलिंगी पात्रं घाईत का उरकली जातात?

जुलै २०१८. अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये कॉमिक-कॉन भरलं होतं. तिथं 'व्होल्ट्रॉन : लेजंडरी डिफेंडर' या ॲनिमेटेड सिरीजच्या टीमने एक गोष्ट जाहीर केली. सिरीजचा लाडका हिरो शिरो हा गे आहे आणि ॲडम नावाचा त्याचा जोडीदार होता.

सोशल मीडियावर नुसता जल्लोष. कारण शिरो म्हणजे कोपऱ्यात उभं राहून विनोद करणारं पात्र नव्हतं. तो टीमचा कॅप्टन, शूर, शांत, सगळ्यांना मोठ्या भावासारखा वाटणारा. लहान मुलांच्या ॲक्शन कार्टूनमध्ये असा हिरो गे असणं ही खरंच मोठी गोष्ट होती.

१० ऑगस्टला सातवा सीझन आला आणि जल्लोषाचं रूपांतर संतापात झालं.

नेमकं झालं काय?

पहिल्याच एपिसोडमध्ये फ्लॅशबॅक आहे. शिरोला स्नायूंचा आजार आहे, तरी त्याला अंतराळ मोहिमेवर जायचंय. ॲडम त्याला अडवतो. तू गेलास तर परत येशील तेव्हा मी इथं नसेन, असं सांगतो. सीन संपला. दोघं एकमेकांचे कोण लागतात, हे स्पष्ट शब्दांत कुठंच येत नाही. कॉमिक-कॉनची बातमी न वाचलेल्या माणसाला ते रूममेटही वाटू शकतात.

त्यानंतर ॲडम दिसतो तो थेट पृथ्वीवर हल्ला होतो तेव्हा. फायटर विमान घेऊन तो लढायला जातो आणि मारला जातो. शिरो पृथ्वीवर परततो तेव्हा त्याच्या वाट्याला येतो फक्त स्मारकाच्या भिंतीवरचा ॲडमचा फोटो.

म्हणजे ओळख करून दिली, भांडण दाखवलं, मारून टाकलं. सगळं मिळून काही मिनिटांत.

इथं एक शब्द समजून घ्यायला हवा, 'बरी युवर गेज'. सिनेमा-सिरीजमध्ये समलिंगी पात्रं आणायची आणि त्यांचं प्रेम सुखाने नांदायच्या आत त्यातल्या एकाला मारायचं, या जुन्या खोडीला हे नाव आहे. चाहत्यांचा राग त्यावर होता. शोरनर वाकीन डॉस सँटोस यांना त्याच महिन्यात ट्विटरवर खुलं पत्र लिहून माफी मागावी लागली.

मग आठव्या सीझनमध्ये काय केलं?

डिसेंबर २०१८ मध्ये शेवटचा सीझन आला. कथा संपल्यावर सगळ्यांचं पुढं काय झालं, हे काही स्थिर चित्रांतून दाखवलंय. त्यातल्या एका चित्रात शिरोचं लग्न लागतंय, कर्टिस नावाच्या माणसाशी.

आता तुम्ही म्हणाल, हा कर्टिस कोण? चाहत्यांनीही हेच विचारलं. तो शिरोच्या जहाजावरचा एक अधिकारी, मागे उभा राहणारा. दोघांत काही फुलतंय असा एकही प्रसंग आधी नाही. त्याच सीझनमध्ये लान्स आणि अलूरा यांच्या प्रेमाला मात्र डेटपासून निरोपापर्यंत सगळं मिळालं. 'रोबोंच्या गोष्टीत प्रेमाला वेळ कुठून आणणार?' हा बचाव इथं टिकत नाही. वेळ होता, तो कुणाला द्यायचा हे ठरलेलं होतं.

हे लेखकांचं आळसपण आहे का?

काही वेळा असेलही. पण बऱ्याचदा गोष्ट पडद्यामागे घडते.

ॲनिमेशनमध्ये एपिसोड लिहिण्यापासून तो पडद्यावर येईपर्यंत कितीतरी महिने जातात. चित्रं काढून झाल्यावर कथा बदलणं महागात पडतं. लहान मुलांच्या शोमध्ये तर प्रत्येक सीन चॅनेलच्या एका विभागाकडून तपासून घ्यावा लागतो. शो अनेक देशांत विकायचा असतो, त्यामुळे कंपनी 'वाद नको' या बाजूला झुकते. परवानगी उशिरा मिळाली, की लेखकाच्या हातात उरतात शेवटचे एपिसोड. मग पेरणी न करता थेट कापणी होते.

'ग्रॅव्हिटी फॉल्स'चे निर्माते ॲलेक्स हर्श यांनी २०२२ मध्ये डिझ्नीच्या याच विभागाशी झालेला पत्रव्यवहार लोकांसमोर ठेवला. त्यांच्या एका एपिसोडमध्ये दोन वयस्कर बायका प्रेमात पडतात असा छोटासा सीन होता, तोसुद्धा बदलावा लागला. त्या शोमधल्या दोन पोलिसांचं प्रेम उघडपणे बोललं गेलं ते २०१६ च्या शेवटच्या एपिसोडमध्ये.

'द लेजंड ऑफ कोरा'चंही तेच. डिसेंबर २०१४ मध्ये शेवटच्या सीनमध्ये कोरा आणि असामी हात धरून निघतात, आणि संपलं. हे प्रेमच आहे, हे निर्मात्यांना काही दिवसांनी स्वतःच्या ब्लॉगवर लिहून सांगावं लागलं. तरी कोराचा शेवट लोकांनी डोक्यावर घेतला, कारण त्या दोघींची मैत्री आधीच्या सीझनमध्ये हळूहळू वाढत गेलेली होती.

मग जमलं कुणाला?

गंमत म्हणजे व्होल्ट्रॉन बनवणाऱ्या ड्रीमवर्क्सनेच, त्याच नेटफ्लिक्सवर, दोन वर्षांत हे करून दाखवलं. 'शी-रा अँड द प्रिन्सेसेस ऑफ पॉवर'मध्ये एडोरा आणि कॅट्रा पहिल्या एपिसोडपासून आहेत. बालमैत्रिणी, मग शत्रू, मग पुन्हा जवळ. पाच सीझन, ५२ एपिसोड. मे २०२० मधल्या शेवटात कॅट्रा प्रेम कबूल करते आणि त्याच बळावर एडोरा जग वाचवते. हे प्रेम काढून टाकायचं म्हटलं तर कथेचा कळसच पडतो, त्यामुळे त्याला कात्री लावणंही अवघड.

डिझ्नीच्या 'द आऊल हाऊस'मध्ये डाना टेरेस यांना आधी असं नातं दाखवायला नकार मिळाला होता. त्या अडून राहिल्या आणि लूझ-ॲमिटीचं नातं शत्रुत्वापासून प्रेमापर्यंत नीट वाढलं. पण तिसरा सीझन तीन विशेष भागांत आटपला. हा शो डिझ्नीच्या ब्रँडमध्ये बसत नाही असं काही लोकांनी ठरवलं, असं टेरेस यांनी सांगितलं होतं. म्हणजे चांगलं लिहिलं तरी घाई पाठ सोडतेच असं नाही.

पण एका कार्टूनवर एवढा राग कशाला?

तारखा बघा. शिरोची घोषणा झाली त्या आठवड्यात भारतात कलम ३७७ वरची सुनावणी संपून सुप्रीम कोर्टाचा निकाल राखून ठेवलेला होता. निकाल आला ६ सप्टेंबरला. व्होल्ट्रॉन तेव्हा आपल्याकडेही नेटफ्लिक्सवर होतं. म्हणजे सीझन आला त्या दिवशी इथं तो बघणारा एखादा गे मुलगा कायद्याच्या लेखी अजून गुन्हेगारच ठरत होता. त्याला शिरोसारखा हिरो मिळाला आणि लगेच कळलं, की या हिरोच्या माणसासाठी कथेत जागा नाही. एरवी अशी पात्रं दहा-वीस असती तर एक फसलं म्हणून कुणी मनाला लावून घेतलं नसतं. हातात एकच असतं तेव्हा त्याच्याकडून सगळ्याच अपेक्षा असतात.

तुम्ही कसं ओळखाल?

पुढच्या वेळी 'आमच्या शोमध्ये समलिंगी पात्र आहे' अशी बातमी वाचली, की तीन प्रश्न विचारा.

एक, हे पात्र काढलं तर कथा बदलते का? ॲडम काढून बघा, लढाई तशीच चालते.

दोन, तो गे आहे यापलीकडे आपल्याला त्याच्याबद्दल काय माहीत आहे? त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, तो कशावर हसतो?

तीन, ही गोष्ट शोमध्ये कळते की मुलाखतीत?

तिन्हींची उत्तरं नकोशी आली, तर ते पात्र पोस्टरपुरतं आहे असं समजायला हरकत नाही. शिरो मात्र पोस्टरपुरता नव्हता. आठ सीझन तो प्रेक्षकांच्या ओळखीचा होता. त्याच्या प्रेमाची तेवढी ओळख कुणी करून दिली नाही.