फासा दिसला, डाव दिसला नाही

गतवर्षी चातुर्मासाच्या आरंभी आमच्या लकडगंजातील घरात एक लहानसे वादळ उठले. अकरावीत शिकणाऱ्या धाकट्या पुतण्याच्या दप्तरात वहिनींना कापडी पिशवी सापडली आणि तिच्यात सात फासे निघाले. एक चार बाजूंचा, एक वीस बाजूंचा, उरलेले या दोहोंच्या मधले. दुपारी बंधू आरामशीनवरून जेवायला घरी येईपर्यंत निकाल लागून गेला होता. सप्त व्यसनांत पहिले नाव द्यूताचे, आणि द्यूताचे साधन प्रत्यक्ष घरात! आईने तर तो दिवस मौनातच काढला.

त्याच जेवणाच्या पाटावर थोरला पुतण्या बसला होता. वाणिज्य शाखेचा पदवीधर, सकाळपासून गादीवर बसणारा, सागवानाच्या लिलावाला बल्लारशाहपर्यंत एकटा जाऊन येणारा. चार वर्षांपासून तो मोबाईलवर क्रिकेटचे काल्पनिक संघ लावीत असे. कर्णधार कोणाला करावे, याचा सल्ला त्याला खुद्द माझ्या बंधूंनी अनेकदा दिला होता आणि मीही दिला होता. त्यात वावगे काही आहे, असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते.

का वाटले नव्हते, हा प्रश्न मला पुढे बराच काळ छळीत राहिला.

एक कारण भाषेचे आहे. शंभर गुणांच्या मर्यादेत अकरा खेळाडू निवडायचे, प्रत्येकाला त्याच्या लौकिकाप्रमाणे भाव, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. खेळपट्टी पाहायची, अंदाज बांधायचा, जोखीम विभागायची. व्यापाऱ्याच्या कानाला हे सारे ओळखीचे वाटते. इतवारीत ज्यांच्या आजोबांनी मालाचे वायदे केले, त्यांना ‘अभ्यास करून पैसा लावणे’ आणि ‘जुगार खेळणे’ यांत भेद करण्याची सवय जुनीच आहे. (तो भेद नेहमी कागदावर राहिला असे नाही, मटक्याचा धंदा मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर पैज लावण्यातूनच उभा राहिला.)

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘ड्रीम इलेव्हन’चे नाव २०२० मध्ये आयपीएलच्या आधी लागले, २०२३ मध्ये भारतीय संघाच्या पोशाखावर आले. जाहिरातींत धोनी दिसे. २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हा कौशल्याचा खेळ असल्याचे सांगितले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचेही मत तसेच पडले. जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के कर कापला जाई. ज्यावर सरकार कर घेते, न्यायालय ज्याला मान्यता देते आणि ज्याच्या संस्थापकाचे आडनाव आपल्यातले, त्याला घरातील वडीलधारे काय म्हणून हरकत घेणार?

फाशांच्या खेळाच्या पाठीशी यांपैकी काहीच नव्हते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात; एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय करणार ते बोलून दाखवितात. बेत साधला की फसला, हे फासा ठरवितो. पैसा लागत नाही. कोणी जिंकत नाही. गोष्ट महिनोन्महिने चालते. यातून मिळते काय, असे विचारले तर व्यापाऱ्याला पटेल असे उत्तर नाही.

त्या देशातही हीच तऱ्हा झाली. १९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वृत्तपत्रांनी संशय या खेळावर घेतला. प्रत्यक्षात त्याची दुःखे वेगळीच होती. १९८३ मध्ये मुलाच्या आत्महत्येने खचलेल्या एका मातेने या खेळाविरुद्ध संघटनाच उभारली. खेळाचा आणि आत्महत्यांचा कार्यकारण संबंध पुढे कोणाला दाखविता आला नाही. उलट खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारे काल्पनिक संघ तिथे १९८० पासून मित्रमंडळींत सुखाने नांदले, आणि २००६ च्या ऑनलाइन जुगारविरोधी कायद्यात त्यांना सवलतही मिळाली. २०२४ मध्ये मात्र अमेरिकेच्या टपाल खात्याने डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिकिटे काढली. पन्नास वर्षे लागली.

आमच्याकडे पारडे फिरले ते एका आठवड्यात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत संमत झाला आणि २२ ला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. कौशल्य की नशीब, हा वादच त्याने बाजूस सारला. पैसे लावून खेळावयाचा कोणताही ऑनलाइन खेळ चालविण्यास मनाई झाली. भारतीय संघ सप्टेंबरमध्ये आशिया चषकाला गेला तेव्हा पोशाखावर पुरस्कर्त्याचे नाव नव्हते.

दिवस पर्युषणाचे होते. एका रात्री प्रतिक्रमणाहून परतल्यावर थोरला पुतण्या माझ्या खोलीत आला. “काका, बाबांना सांगण्याआधी तुम्ही एकदा पाहून घ्या,” म्हणून त्याने वही पुढे केली. बँकेच्या उताऱ्यांवरून त्याने स्वतःच हिशेब मांडला होता. वजाबाकीनंतरचा आकडा एक लाख ऐंशी हजारांच्या वर होता. मी प्रथम चूक काढण्याचा प्रयत्न केला. मग पेन्सिलीने आपणच आकडेमोड केली: समजा, एका संघाला ४९ रुपये, हंगामात ७४ सामने, म्हणजे ३,६२६ रुपये, यात कोणी दचकणार नाही. परंतु प्रत्येक सामन्याला दहा संघ लावले की ३६,२६० होतात. मधूनमधून जिंकल्याचा संदेश येतो, तो घरभर दाखविला जातो. हरल्याचे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. आम्ही विचारले नव्हते.

याच नागपुरात २०२३ च्या जुलैत एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली होती आणि गोंदियात छापा पडून मोठी रोकड व सोने हाती लागले होते. ते प्रकरण वेगळ्या जातीचे, काल्पनिक संघांचे नव्हे. पण त्यावर आमच्या दुकानात आठवडाभर चर्चा झाली तेव्हा हा मुलगा गादीवरच बसलेला होता, हे मला त्या रात्री आठवले.

संवत्सरीला त्याने बंधूंपुढे हात जोडले. बंधू बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “कर्णधार मीच सुचवीत होतो.”

धाकट्याचा खटला मात्र एवढ्याने मिटला नाही, कारण आईचा आक्षेप पैशाचा नव्हताच. तिने यशोधर राजाची कथा काढली. राजाने आपल्या मातेच्या आग्रहाखातर जिवंत कोंबड्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, तरी संकल्प मारण्याचा होता म्हणून दोघांना पशुयोनींत फिरावे लागले. मग तोंडाने बोलून मारलेला राक्षस कशात मोडतो? या प्रश्नाला माझ्याकडे आजही पुरे उत्तर नाही. कादंबरी आणि चित्रपट त्यात धरावे लागतील, असे मी म्हणालो. “धरायलाच हवेत,” असे ती म्हणाली.

शेवटी एका रविवारी ती स्वतःच माळा घेऊन दिवाणखान्यात बसली. मुले चार होती. गुहेच्या तोंडाशी अजगरासारखा अग्निमुखी प्राणी होता. लढावे की बोलणी करावी यावर पाऊण तास वाद चालला. पुतण्याचे पात्र काफिल्याबरोबर हिंडणाऱ्या व्यापाऱ्याचे. त्याने सौद्याचा प्रस्ताव मांडला. फाशावर तीन पडले. सौदा फसला, मुलांनी हसून गोंधळ केला, आणि पळण्याचा मार्ग शोधीपर्यंत घड्याळाकडे पाहून वहिनींनी हाक दिली. सूर्यास्तापूर्वी जेवणे व्हायची होती.

पाने मांडताना आईने त्याला हळूच विचारले, “त्या प्राण्याला तू भाव किती सांगितला होतास?”