नवमतदार घडतो कसा?

भारतात मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते २८ मार्च १९८९ रोजी, ६१व्या घटनादुरुस्तीने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत अठरा ते वीस वर्षांच्या तरुणांनी देशभर पहिल्यांदा मत दिले. हा हक्क मिळून साडेतीन दशके उलटली, तरी तो वापरणाऱ्यांची संख्या तोकडीच आहे. २०२४च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी मतदार यादीत १८-१९ वर्षे वयाचे सुमारे १.८ कोटी मतदार होते. त्या वयाच्या एकूण लोकसंख्येच्या निम्मेही ते भरत नाहीत. याचा अर्थ, बहुसंख्य तरुण मतदानाच्या दिवसाआधीच, यादीच्या टप्प्यावरच गळतात. या गळतीला सरसकट उदासीनता म्हणणे अन्यायाचे आहे. नाव कुठे, केव्हा आणि कसे नोंदवायचे हे अनेकांना कुणी नीट सांगितलेलेच नसते.

पूर्वी नोंदणीसाठी वर्षातून एकच अर्हता दिनांक होता, १ जानेवारी. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागे आणि मधली निवडणूक हातची जाई. २०२१च्या कायदादुरुस्तीने १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक आले. शिवाय सतराव्या वर्षानंतर आगाऊ अर्जही करता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर त्यापुढच्या अर्हता दिनांकाला नाव यादीत येते. नव्या नोंदणीसाठी नमुना ६ भरायचा. निवडणूक आयोगाचे संकेतस्थळ, आयोगाचे अ‍ॅप किंवा भागातील मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ), यांपैकी कोणताही मार्ग चालतो. अडचण आल्यास १९५० हा मदत क्रमांक आहे. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. त्यामुळे प्रचाराचे भोंगे सुरू झाल्यावर जाग येऊन उपयोग नसतो.

सर्वाधिक गोंधळ होतो तो शिक्षणासाठी घर सोडलेल्यांचा. लातूर-नांदेडहून पुण्याला आलेल्या विद्यार्थ्याचे नाव गावच्या यादीत असते, मतदान ऐन परीक्षेच्या तोंडावर येते आणि जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात. कायद्याने मतदार जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथली नोंद ग्राह्य धरली जाते. वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणारा विद्यार्थी कॉलेजचे बोनाफाईड जोडून शिकण्याच्या ठिकाणी नाव नोंदवू शकतो, किंवा गावचे नाव कायम ठेवू शकतो. नाव हलवायचे असल्यास नमुना ८ भरावा लागतो. दोन्हीकडे नाव ठेवणे मात्र बेकायदा आहे. नोकरदार तरुणांसाठीही तरतूद आहे: मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणे मालकावर बंधनकारक असून रोजंदारीवरचे कामगारही तिचे हक्कदार आहेत.

नाव लागले तरी पहिल्या मतदानाची धास्ती उरतेच. मतदान केंद्रात काय होते हे आधी माहीत असेल, तर ती बरीच कमी होते. पहिला अधिकारी ओळखपत्र पाहून यादीतील नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे तिथे बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींना हरकत घेता येते. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचे बटण दाबतो, तेव्हाच आडोशामागचे यंत्र एका मतासाठी खुले होते. उमेदवारासमोरचे निळे बटण दाबले की लाल दिवा लागतो. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानात शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग ती आतल्या पेटीत पडते. मतदार ओळखपत्र हाताशी नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवानाही चालतो. मात्र यादीत नाव नसेल, तर कोणतेही ओळखपत्र कामी येत नाही.

‘माझ्या एका मताने काय होणार?’ या प्रश्नाला निकालांनीच उत्तर दिले आहे. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात २००८ साली सी. पी. जोशी एका मताने हरले. तेव्हा ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचे नाव चर्चेत होते. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. तिथे नऊ लाखांहून अधिक मते पडली होती आणि सात लाखांहून अधिक मतदार केंद्राकडे फिरकलेच नव्हते. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत साकोलीचा फरक २०८ मतांचा, तर मालेगाव मध्यचा १६२ मतांचा होता. एवढे तरुण तर एखाद्या कॉलेजच्या दोन-तीन वर्गांतच असतात.

मताचे वजन सर्वाधिक जाणवते ते स्थानिक पातळीवर. ज्याचे नाव गावच्या मतदार यादीत, तो ग्रामसभेचा सदस्य. पाणीपुरवठा, शाळेची खोली, वस्तीचा रस्ता अशा प्रश्नांवर त्याला सभेत उभे राहून विचारता येते. वयाच्या एकविसाव्या वर्षी तो ग्रामपंचायतीची निवडणूकही लढवू शकतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी विधानसभेचीच मतदार यादी वापरली जाते. त्यामुळे एकदा वेळेवर केलेली नोंदणी ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सर्वत्र उपयोगी पडते.

तरुणांना मतदानाकडे वळवण्याचे सरकारी प्रयत्न २००९पासून ‘स्वीप’ या कार्यक्रमातून चालू आहेत. २०११पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस पाळला जातो, आणि शाळा-कॉलेजांतून मतदार साक्षरता मंडळेही आहेत. प्रभातफेरी, रांगोळी आणि सामूहिक शपथ यांनी वातावरण तयार होते, पण त्या दिवसानंतर नमुना ६ कोराच राहिला तर हाती काही लागत नाही. अकरावी-बारावीच्या वर्गातच आगाऊ अर्ज भरून घेणे, प्रथम वर्षाच्या प्रवेशावेळी नोंदणीचे टेबल मांडणे, विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकाच्या यंत्रावर स्वतः बटण दाबू देणे, अशा उपायांचा परिणाम थेट यादीत दिसू शकतो. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोग खुली करतो. त्यांतली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती वर्गात वाचून तिच्यावर चर्चा झाली, तर मत जातीवर किंवा घरच्यांच्या सांगण्यावर न जाता विचाराने पडते. कोणीच पसंत नसेल तर २०१३पासून नोटाचे बटणही आहे. नोटाला सर्वाधिक मते पडली तरी लोकसभा-विधानसभेत उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो, हेही तरुणांना स्पष्ट सांगायला हवे. हक्काची मर्यादा ठाऊक असलेला मतदारच तो हक्क जाणतेपणाने वापरतो, आणि ही जाण देण्याची जबाबदारी घर, शाळा आणि प्रशासन या तिघांची आहे.