नदी वाचता येणारी माणसं हवीत
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वाशीम जिल्ह्यातलं शेलूबाजार हे गाव समृद्धी महामार्गामुळे राज्यभर ठाऊक झालं. पण या जिल्ह्यातून जसे वाहनांचे रस्ते फुटतात, तसे पाण्याचेही फुटतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. या परिसरातून वाहणारी अडाण नदी यवतमाळकडे जाते आणि पैनगंगेला मिळते. हे पाणी पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात पोहोचतं. याच जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा मात्र उत्तरेला वळते, पूर्णेला मिळते आणि तिचं पाणी तापीतून अरबी समुद्राला जातं. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांची वाट धरतो. गोड्या पाण्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही भाग नद्या, तळी आणि सरोवरांनी व्यापलेला नाही. तरी जगातल्या माशांच्या जवळपास निम्म्या जाती याच पाण्यात राहतात. जागतिक वन्यजीव निधीच्या 2024 च्या अहवालानुसार 1970 ते 2020 या पन्नास वर्षांत गोड्या पाण्यातल्या, पाहणीखालच्या वन्यजीवांच्या संख्येत सरासरी 85 टक्के घट झाली. जंगलात किंवा समुद्रात झालेल्या घटीपेक्षा ती जास्त आहे. वाघ दिसेनासा झाला तर बातमी होते. नदीतला एखादा मासा दिसेनासा झाला, तर ते आधी कळतं भोई बांधवांना, आणि पुष्कळदा फक्त त्यांनाच.

नदी म्हणजे नाली नव्हे

हा अभ्यास नेमका कशाचा, ते थोडं समजून घेऊ. नैसर्गिक नदीत डोह असतो, खळाळ असतो आणि काठ असतो. खळाळात पाणी दगडांवर आपटतं, त्यात हवेतला प्राणवायू मिसळतो आणि दगडांच्या खाली कीटकांच्या अळ्या वाढतात. डोहात उन्हाळ्यातही पाणी टिकतं, म्हणून प्रवाह आटला की मासे तिथे आसरा घेतात. पावसाळ्यात याच डोहांतून ते पुन्हा नदीभर पसरतात. काठावरच्या गवतात आणि झाडांच्या मुळांत पिल्लांना लपायला जागा मिळते.

आता यंत्रं लावून नाल्याचं सरसकट खोलीकरण आणि रुंदीकरण केलं, तर काय होतं? पाणी साठवायला जागा होते, हे खरं. पण डोह, खळाळ आणि काठ तिन्ही पुसले जाऊन एकसारखी चर उरते. आपल्याकडे 2014 नंतर जलसंधारणाची फार मोठी कामं झाली. दुष्काळी भागाला त्यांची गरज होती आणि आहे. प्रश्न एवढाच, की कुठे खोदायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे सांगणारा जाणकार माणूस त्या कामावर असतो का? पाणी अडवणारा अभियंता आपल्याकडे आहे. पाण्यातलं जीवन ओळखणारा माणूस शोधावा लागतो. या विषयातलं शिक्षण म्हणूनच नुसता नोकरीचा प्रश्न नाही.

तळ्यांचा धडा

परिसंस्थेचं पुनरुज्जीवन म्हणजे काय, हे पाहायला परदेशी जायला नको. भंडारा-गोंदिया भागात जुन्या मालगुजारी तलावांवर मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवर समाजाला बरोबर घेऊन काम केलं. माजलेली बेशरम उपटली. तलावात पूर्वी कोणत्या वनस्पती होत्या, कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आधारानं वाढतो, हे मासेमारांकडूनच समजून घेतलं. मग त्या स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. वनस्पती आल्या तसे देशी मासे आणि पक्षी परतू लागले. इथे पुस्तकी शास्त्र आणि पिढीजात ज्ञान एकत्र आलं, म्हणून काम उभं राहिलं.

आपल्या अडाण नदीवरही असा पाया घातला गेला आहे. निलेश हेडा यांनी अडाण आणि गडचिरोलीतली कठाणी या दोन नद्यांतल्या माशांचा अभ्यास करून 2009 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. अशा नोंदींचं मोल पुढे वाढत जातं. पूर्वी काय होतं याची नोंदच नसेल, तर काय परत आणायचं हे कसं ठरवणार?

कुठे शिकता येईल?

बारावी विज्ञान झालेल्यांना मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी घेता येते. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मत्स्यविज्ञान महाविद्यालयं नागपूर आणि उदगीर इथे आहेत. तिसरं महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला, कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. 1961 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत मासळी उत्पादनाबरोबर जलीय पर्यावरण व्यवस्थापनही शिकवतात.

प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यांनी निराश होण्याचं कारण नाही. अमरावती विद्यापीठात एम.एस्सी. करता येते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं गोड्या पाण्याची परिसंस्था आणि संवर्धन या विषयाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम सुरू केला. नद्यांमधल्या मत्स्यसंशोधनासाठी कोलकात्याजवळच्या बराकपूरची केंद्रीय संस्था 1947 पासून काम करते आहे. नागपूरला ‘नीरी’ आहे, पुण्याला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. प्रकाश गोळे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीनं निसर्गाच्या पुनरुज्जीवनाचं शिक्षण आपल्याकडे रुजवलं. प्रवेशाचे नियम आणि जागा बदलत असतात, तेव्हा त्या-त्या वर्षीची जाहिरात नीट पाहूनच अर्ज करावा.

संशोधन करायचं तर पैशाचं काय, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे मिळतं. महाविद्यालयात असतानाच अनुभव हवा असेल, तर देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं. खेड्यातली मुलं अर्ज कमी करतात, कारण अशी संधी असते हेच त्यांच्या कानावर येत नाही.

पदवी नसली तरी

पदवी नसली म्हणजे दार बंद, असं नाही. जैविक विविधता कायद्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही घाईनं, कागदापुरती भरली जाते. गावातले दोन शिक्षक, चार विद्यार्थी आणि एक जुना जाणता भोई एकत्र बसले, तर तीच नोंदवही गावाच्या नदीचा खरा दस्तऐवज होईल. राज्य शासनानं 2022 मध्ये मंजूर केलेल्या महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्पातही गोड्या पाण्यातली जैवविविधता हा एक विषय आहे.

सुरुवात अगदी साधी करता येते. खळाळातला दगड उलटून पाहा. अनेक जातींच्या अळ्या दिसल्या तर पाणी बरं आहे. नुसत्या लाल, दोऱ्यासारख्या अळ्या दिसल्या तर प्राणवायू कमी आहे, असं समजा. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूतही त्या तग धरतात. शेततळ्यात मासे पहाटे वर येऊन तोंड उघडत असतील, तर त्याचं कारणही हेच. पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ रात्री प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. दगड जिथला तिथे परत ठेवायला मात्र विसरू नका, ते कुणाचं तरी घर आहे.

संयुक्त राष्ट्रांनी 2021 ते 2030 हे परिसंस्था पुनरुज्जीवनाचं दशक म्हणून जाहीर केलं आहे. दशकं जाहीर होतात आणि सरतात. नदी मात्र गावाजवळच राहते. येत्या उन्हाळ्यात आपल्या शिवारातले कोणते डोह मे अखेरपर्यंत टिकतात आणि त्यांत कोणते मासे असतात, एवढी नोंद शाळेच्या वहीत झाली, तरी पुष्कळ झालं. पुढच्या संशोधकाला आणि नाल्यावर यंत्र घेऊन येणाऱ्या अभियंत्यालाही ती वही दाखवता येईल. कदाचित ती लिहिणारा विद्यार्थीच उद्याचा संशोधक असेल.