निफाडची थंडी आणि जमिनीचा चढउतार

पौष महिना लागला कीं वर्तमानपत्रांतून निफाडचें नांव वारंवार येऊं लागतें. महाराष्ट्रांतील नीचतम उष्णमानाचा आंकडा पुष्कळ वेळां याच तालुक्यांतून येतो. आणि महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणापेक्षां मैदानांतील निफाड अधिक थंड कसें, असा प्रश्न वाचकांस पडल्यावांचून राहत नाहीं. नाशिक शहरीं ७ जानेवारी १९४५ रोजीं पारा शून्याच्याही खालीं ०.६ अंश सेंटिग्रेड इतका उतरला होता. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाड येथें तो १.८ अंशांवर आला. ही थंडी येते कोठून? ‘उत्तरेकडून’ असें उत्तर देऊन आपण मोकळे होतों. तें उत्तर खोटें नाहीं, परंतु अर्धेंच आहे. आणि शेतकऱ्याच्या खऱ्या उपयोगाचें आहे तें उरलेलें अर्धें.

प्रथम हें ‘उत्तर’ म्हणजे काय तें पाहूं. ध्रुवाकडील वृक्षहीन प्रदेशाच्या दक्षिणेस, सैबेरिया व कॅनडा या देशांतून, सूचिपर्णी अरण्यांचा एक विस्तीर्ण पट्टा गेला आहे. त्यास तैगा म्हणतात. कॅनडांतील या पट्ट्याचा बराच भाग सपाट आहे. प्राचीन हिमयुगांत त्यावरून बर्फाचे प्रचंड थर सरकत गेले, त्यांनीं जमीन खरवडून काढली, आणि बर्फ वितळल्यावर खळग्याखळग्यांतून हजारों सरोवरें व दलदली मागें राहिल्या. स्प्रूस, लार्च, बर्च, पॉप्लर हे तेथील मुख्य वृक्ष. वर्षांतील पांच-सहा महिने जमीन बर्फाखालीं असते, व जानेवारींतील सरासरी उष्णमान उत्तरेकडे शून्याखालीं वीस अंशांहूनही कमी असतें. उन्हाळा अल्प, मात्र त्यांतील दिवस सतरा-अठरा तासांचे. पिकास हिमाची भीति नाहीं असे दिवस तीन महिन्यांच्या आसपास मिळतात. त्यामुळें शेती आहे ती बहुधा दक्षिणेच्या कडेस.

एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. या वनमय मैदानांत पाऊस व बर्फ मिळून वर्षाकाठीं सुमारें चारशें ते पांचशें मिलिमीटर पाणी पडतें, म्हणजे जवळजवळ आपल्या निफाड-येवल्याइतकेंच! तेवढ्या पाण्यावर तेथें दलदल माजते आणि आपल्याकडे मार्गशीर्षांतच विहिरीचा तळ दिसूं लागतो. तेथें ऊन कोंवळें, जमीन दीर्घकाळ गोठलेली. पाण्याची वाफ होण्यास वावच नसतो. आपल्या चैत्र-वैशाखांतील ऊन पडलेल्यापेक्षां कितीतरी अधिक पाणी ओढून नेण्यास समर्थ असतें. तेव्हां नुसता पर्जन्यमानाचा आंकडा पाहून जमिनीच्या ओलीविषयीं अनुमान करूं नये.

आतां थंडीकडे वळूं. कॅनडाच्या मैदानाच्या दक्षिणेस आडवा असा मोठा पर्वत नाहीं. त्यामुळें तेथील थंड हवा मोकळ्या वाटेनें थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरते. फ्लॉरिडा प्रांतांत १८९४ चा डिसेंबर आणि १८९५ चा फेब्रुवारी अशा दोन हिमपातांनीं संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. पहिल्या तडाख्यांतून जगून जीं झाडें पुन्हा फुटूं लागलीं होतीं, तीं दुसऱ्यानें मारलीं. आपल्या डोक्यावर हिमालय आडवा उभा आहे. सैबेरियाची हवा त्यास ओलांडून सहसा येत नाहीं. आपल्याकडे येतात ते वायव्येकडून हिमालयावर बर्फ पाडून जाणाऱ्या वादळांच्या मागून वाहणारे कोरडे वारे. राजस्थान, गुजरात व तापीचें खोरें ओलांडून ते नाशिक जिल्ह्यांत शिरतात.

परंतु हे वारे सबंध जिल्ह्यावरून वाहतात. मग निफाडासच अधिक थंडी कां? येथें जमिनीचा विचार आला. जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रि उभा आहे. इगतपुरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून सत्तर-ऐंशी किलोमीटरांवरील निफाडास सुमारें पांचशेंच. पेठ, सुरगाणा, इगतपुरी इकडे डोंगर व जंगल. पूर्वेकडे गोदावरीचें उघडें काळें मैदान. त्याच्या उत्तरेस चांदवडचे डोंगर आहेत, दक्षिणेस सिन्नरकडील चढ आहे, आणि मधल्या सखल भागांतून दारणा व कादवा या नद्या येऊन गोदावरीस मिळतात. एखाद्या पसरट परातीसारखी ही रचना आहे.

दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. आकाशांत ढग व हवेंत वाफ असेल तर ती उष्णता कांहीं अंशीं परत मिळते. पौषांत आपल्याकडे ढग नाहींत, हवा कोरडी, आणि वारा पडला म्हणजे वरची उबदार हवा खालच्या गार हवेंत मिसळतही नाहीं. जमिनीलगतची हवा गार होते व गार झाली कीं जड होते. जड हवा पाण्यासारखी उताराकडे वाहते! डोंगरमाथ्यावरची थंड हवा घसरून खालीं जाते, म्हणून महाबळेश्वर उबदार राहतें. खोलगट मैदानांत ती सांचते. सैबेरियांतील व्हर्खोयान्स्क येथें १८९२ सालीं उष्णमान शून्याखालीं ६७.८ अंशांपर्यंत गेलें होतें, आणि तेंही गांव नदीच्या खोऱ्यांतच वसलेलें आहे. प्रमाण निराळें, नियम तोच. निफाडची थंडी पुष्कळशी निफाडांतच, एका रात्रींत तयार होते.

म्हणूनच एकाच गांवांत माळावरचा द्राक्षमळा सुखरूप राहतो व नाल्याकांठचा मार खातो. गव्हास व हरभऱ्यास ही थंडी मानवते. कांद्यास ती फार झाली तर डेंगळे येतात. द्राक्षाचें दुखणें वेगळें आहे. थंड देशांत हिंवाळ्यांत वेल पानें टाकून निजतो. आपल्याकडे तो निजत नाहीं, म्हणून एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमाराची गोड छाटणी करून त्याचें वर्ष आपण घडवितों. त्यामुळें ऐन थंडींत घड अंगावर असतात. पारा दहा अंशांखालीं गेला कीं वेलीची वाढ मंदावते, फुगवण थांबते, आणि पाणी उतरलेले मणी तडकतात. वर्षाची मेहनत व कर्जाचा पैसा त्या चार-दोन पहाटांवर टांगलेला असतो.

पहांटे बागेस पाणी देण्याची चाल आहे, ती सकारण आहे. भुसभुशीत कोरड्या जमिनींतून खालची ऊब वर येत नाहीं; ओली जमीन दिवसांची उष्णता अधिक सांठविते व रात्रीं ती वर पोंचविते. मात्र मण्यांत पाणी उतरलें असतां अतिरेक केल्यास तडकणें वाढतें, हें ध्यानांत ठेवावें. शेकोट्यांच्या धुराविषयीं मात्र आमचें मत थोडें निराळें आहे. धुराच्या पांघरुणानें थंडी अडते हा समज फारसा टिकत नाहीं; उपयोग होतो तो आंचेचा, व त्या आंचेनें हवा ढवळली जाते त्याचा. ओला पाला पेटवून नुसता धूर कोंडण्यांत अर्थ नाहीं. बागेंत जागोजाग लहान लहान जाळ अधिक कामाचे.

कुंपणाकडे मात्र फार थोड्यांचें लक्ष जातें. शेताच्या खालच्या अंगास दाट शेवरीची किंवा उंच गवताची भिंत असेल तर वरून वाहत आलेली थंड हवा तेथें बांध घातल्याप्रमाणें तुंबते, व त्या बाजूच्या ओळी प्रथम गारठतात. तेथें मोकळी वाट ठेवावी. आडोसा करावयाचा तो वरच्या अंगास करावा. नवी लागवड योजणाऱ्यानें तर आधीं एक हिंवाळा जाऊं द्यावा. दोन साधे उष्णतामापक, एक शेताच्या वरच्या टोंकास व एक खालच्या टोंकास, ओलांड्याच्या उंचीवर टांगावे आणि डिसेंबर-जानेवारींत सूर्योदयापूर्वीं रोज वाचून वहींत टिपावे. खालचा आंकडा नित्य दोन-तीन अंशांनीं कमी आला, तर त्या तुकड्यांत गहू पेरावा व वेल वरच्या अंगास लावावे.